दुसऱ्या घराचे भाडे आणि माझी पोटगी

माझ्या पतींचे बाहेर संबंध आहेत, हे मला कुणी येऊन सांगितले नाही. ते मला कारखान्याच्या बँक खात्याच्या उताऱ्यात दिसले. लग्न झाल्यापासून, म्हणजे २०११ पासून, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या टॉवेलच्या कारखान्याचा रोजमेळ आणि खतावणी मीच लिहीत असे, कारण बी.कॉम. झालेली सून घरात आल्यावर सासऱ्यांनी बाहेरचा मुनीम बंद केला होता. बारा माग, त्यांवरचे कामगार, सुताचे व्यापारी, आठवड्याचा पगार, वीजबिल हे सगळे माझ्या नजरेखालून जात असे. २०२१ च्या दिवाळीनंतर उतारे जुळवताना दर महिन्याच्या पाच तारखेला अकरा हजार रुपये एकाच नावावर जात असल्याचे लक्षात आले, आणि त्यापुढे ‘भाडे’ असा शेरा होता. कारखान्याची जागा आमची स्वतःची आणि गोदाम कारखान्याच्याच मागे, मग हे भाडे कशाचे, असे मी विचारले तेव्हा पहिल्यांदा ‘बाहेर घेतलेले गोदाम’ असे उत्तर मिळाले आणि दुसऱ्यांदा नुसताच आवाज चढला. विजापूर रोडवरच्या एका इमारतीत दोन खोल्यांचे घर होते, त्यात एक बाई राहत होती, आणि सुताच्या खरेदीला म्हणून बाहेर पडलेले माझे पती आठवड्यातले दोन-तीन दिवस तिथे असत. त्यापलीकडचा तपशील इथे सांगण्याची गरज नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मी आठ वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आले. त्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बोलत असे: चूक त्यांची आहे, त्यामुळे आता त्यांना जबर पोटगी भरावी लागेल. मलाही तसेच वाटत होते. ज्याने संसार मोडला त्याने त्याची किंमत मोजावी आणि ती किंमत न्यायालय पोटगीच्या रूपाने ठरवते, अशी माझी सरळ समजूत होती, आणि त्या समजुतीवर मी पुढचे कित्येक महिने तग धरून होते. प्रत्यक्षात बेवफाईचा आणि पोटगीचा संबंध कसा असतो हे मला तीन वर्षांत, एकेका तारखेला, कळत गेले. माझ्यासारख्या बाईला ते पहिल्याच दिवशी माहीत असावे, म्हणून हे लिहीत आहे.

वडील जुन्या गिरणीतून निवृत्त झालेले, त्यामुळे वकिलाच्या फीची चिंता होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट नसते, ही माहिती मला शेजारच्या एका शिक्षिकेने दिली. महाराष्ट्रात पोटगीच्या आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे, हेही तिथेच कळले. मला मिळालेल्या वकील मॅडम वयाने माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. पहिल्या भेटीला माझ्यासोबत मामा आले होते आणि त्यांचा एकच आग्रह होता की आधी दोघांवर व्यभिचाराचा गुन्हा दाखल करायचा, पोलीस घरी गेले की पैसे आपोआप बाहेर येतील. मॅडमनी त्यांना शांतपणे सांगितले की भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी, जोसेफ शाईन यांच्या याचिकेवर, घटनाबाह्य ठरवले आहे आणि व्यभिचार आता गुन्हा राहिलेला नाही. ते कलम अस्तित्वात होते तेव्हाही तक्रार करण्याचा अधिकार फक्त त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला होता. फसवल्या गेलेल्या पत्नीला तो कधीच नव्हता. हे ऐकून मामा गप्प झाले, आणि मला आठवते की त्या क्षणी मला कायद्याचा फार राग आला होता.

मग मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण अजूनही आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये ते पहिलेच कारण आहे. पण पोटगी हा दंड नाही. तुमची गरज किती, त्यांची ऐपत किती आणि त्या घरात तुम्ही कसे राहत होतात, यावर ती ठरते.” कलम २५ मध्ये कायमस्वरूपी पोटगी ठरवताना पक्षकारांचे वर्तन विचारात घेण्याची मुभा न्यायालयाला आहे, हे त्यांनी मला वाचून दाखवले, परंतु वर्तन हा अनेक बाबींपैकी एक असतो आणि नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले म्हणून अमुक टक्के वाढ असा कोणताही हिशेब कायद्यात नाही, असेही त्या म्हणाल्या. निम्मा पगार मिळतो, ही गावभर पसरलेली समजूतही खोटी निघाली. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम वाजवी मानली होती, तिचा दाखला अनेक ठिकाणी दिला जातो, पण तोही बांधील नियम नव्हे. आणि आमच्याकडे तर पगार नव्हताच, धंदा होता.

मार्च २०२२ मध्ये आम्ही कौटुंबिक न्यायालयात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली माझ्यासाठी आणि मुलीसाठी पोटगीचा अर्ज दाखल केला. आता ते कलम राहिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ त्याच्या जागी आले आहे, पण त्यातील मजकूर बहुतांश तोच आहे. जूनमध्ये व्यभिचार आणि क्रूरता या दोन कारणांवर घटस्फोटाची याचिका दाखल केली आणि त्यात कलम २५ प्रमाणे कायमस्वरूपी पोटगी मागितली. व्यभिचाराचा आरोप करायचा तर त्या बाईलाही प्रतिवादी करावे लागते, हे कळल्यावर मी दोन दिवस सही केली नव्हती. तिचे नाव माझ्या कागदावर, माझ्या सहीच्या वर यावे, हे मनाला पटत नव्हते. शेवटी सही केली. तिला समन्स मिळाले, ती कधीच हजर झाली नाही आणि तिच्याविरुद्ध प्रकरण एकतर्फी चालले.

समुपदेशनाचा टप्पा लवकर संपला. समुपदेशक बाईंनी दोघांशी वेगवेगळे आणि मग एकत्र बोलून पाहिले, पण माझे पती दुसरे घर असल्याचेच नाकारत होते आणि मी परत जाण्यास तयार नव्हते, त्यामुळे तीन भेटींनंतर प्रकरण न्यायालयापुढे गेले.

खरे काम सुरू झाले ते मालमत्ता आणि दायित्वांच्या प्रतिज्ञापत्रापासून. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंना आपले उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्जे, बँक खाती हे सगळे ठरावीक नमुन्यात शपथेवर सांगावे लागते. तोपर्यंत मी सोलापुरातल्याच एका शालेय गणवेशाच्या कारखान्यात हिशेबाचे काम धरले होते आणि मला महिना साडेदहा हजार रुपये मिळत होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि ओळखीच्या दोन बायकांनीही ती नोकरी लिहू नको, पोटगी कमी होईल, असे निक्षून सांगितले. मॅडमनी मात्र ठामपणे सांगितले की नोकरी आहे म्हणून पोटगीचा हक्क जात नाही, त्या उत्पन्नात सासरच्या राहणीप्रमाणे भागते का एवढेच पाहिले जाते; पण नोकरी लपवली आणि ती उघडकीला आली, तर माझ्या बाकीच्या प्रत्येक वाक्यावरचा न्यायालयाचा विश्वास उडेल. मी साडेदहा हजार लिहिले, मुलीच्या शाळेची फी, रिक्षा, वडिलांच्या घरात मी देत असलेला किराणा हे सगळे पावत्यांसह लिहिले. आज मागे वळून पाहताना, संपूर्ण प्रकरणात मी केलेली सर्वांत योग्य गोष्ट तीच होती, असे माझे मत आहे.

पतींचे प्रतिज्ञापत्र आले ते वाचताना माझे हात थंड पडले. बारापैकी सात माग मंदीमुळे बंद असून महिन्याचे निव्वळ उत्पन्न वीस हजार रुपये आहे, त्यातून आईचे औषधपाणी आणि कर्जाचा हप्ता जातो, असे त्यात लिहिले होते. आयकर विवरणपत्रही त्या आकड्याला जुळणारे होते. पत्नी परत नांदायला आली तर तिला सांभाळण्याची आपली तयारी आहे, असेही एक वाक्य होते. पण त्याहून भयंकर मजकूर त्यांच्या लेखी म्हणण्यात होता. अर्जदार स्वतःच कामाच्या ठिकाणच्या सुपरवायझरसोबत व्यभिचारी जीवन जगत आहे, सबब कलम १२५ च्या पोटकलम ४ प्रमाणे तिला पोटगी मागण्याचा अधिकार नाही, असे त्यांनी शपथेवर म्हटले होते आणि सोबत एक छायाचित्र जोडले होते. गणवेशाचा हंगाम एप्रिल ते जून असतो आणि त्या काळात आम्हाला रात्री नऊपर्यंत थांबावे लागते. अशाच एका रात्री रिक्षा मिळेना म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या सुपरवायझर काकांनी मला अशोक चौकापर्यंत दुचाकीवरून सोडले होते. त्या दुचाकीवरून मी उतरतानाचे ते छायाचित्र होते. माझा एक पाय जमिनीवर, हातात डबा आणि खांद्यावर पदर घट्ट ओढून घेतलेला.

कायद्याचा हा भाग मला तोपर्यंत माहीत नव्हता, आणि माझ्या मते तो प्रत्येक स्त्रीला माहीत असला पाहिजे. नवऱ्याच्या व्यभिचाराने पोटगी वाढेल की नाही, याविषयी कायदा फारसे बोलत नाही. परंतु पत्नी व्यभिचारी जीवन जगत असल्याचे सिद्ध झाले तर त्या कलमाखालची तिची पोटगी पूर्णच थांबते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १८ मध्येही पत्नी शीलवान नसल्यास तिला वेगळे राहून निर्वाह मागता येत नाही, अशी तरतूद आहे. म्हणजे देणाऱ्याच्या वागण्यासाठी वेगळा दंड नाही, पण घेणाऱ्याच्या वागण्याला कात्री आहे, आणि देणारा बहुतेक वेळा पुरुष व घेणारी बहुतेक वेळा स्त्री असल्यामुळे या तरतुदींचे सगळे ओझे एकाच बाजूला पडते. मी हे वकील मॅडमना रागाने म्हणाले तेव्हा त्यांनी ते नाकारले नाही. त्यांनी फक्त इतके समजावले की न्यायालयांनी त्या शब्दांचा अर्थ बराच आवळून ठेवला आहे: ‘व्यभिचारी जीवन जगत असणे’ म्हणजे सतत चालू असलेले वर्तन, एखादी जुनी घटना किंवा एखादी चूक नव्हे, ते सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्या पतीची असते, आणि मुलीच्या पोटगीला तर अशा आरोपाने धक्काच लागत नाही, कारण तिचा हक्क स्वतंत्र आहे.

तरीही उलटतपासणीला उभे राहावे लागलेच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सुनावणी बंद दाराआड होते, त्यामुळे बाहेरच्या बाकांवर बसलेले लोक आत नव्हते, एवढाच दिलासा. समोरच्या वकिलांनी मला जवळपास पाऊण तास त्या एका रात्रीबद्दल विचारले. किती वाजता निघालात, रिक्षा किती वेळ शोधली, काकांचा मोबाईल क्रमांक कोणत्या नावाने साठवला आहे, घरी पोहोचल्यावर त्यांना संदेश पाठवला का. मी ‘पोहोचले’ असा एक शब्दाचा संदेश पाठवला होता आणि तसे सांगितले. त्यावर त्यांनी, “म्हणजे रोज असे संदेश चालायचे, असे म्हणणे बरोबर आहे ना?” असे विचारले. मी म्हणाले, “नाही, एकदाच.” साक्षीच्या नोंदीत ते उत्तर तेवढेच उतरले. घरी आल्यावर मी मुलीजवळ बसले आणि तिच्या वहीवर कव्हर घालत राहिले, कारण दुसरे काहीही करता येत नव्हते. चूक माझ्या पतींची होती, उतारा त्यांच्या खात्याचा होता, भाडे त्यांच्या सहीने जात होते, आणि दिवसभर उत्तरे मात्र मी देत होते. या अन्यायाची जाणीव माझ्या मनातून अजूनही गेलेली नाही.

ही उलटतपासणी पुढची. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, अंतरिम आदेश झाला होता. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो, आमचा आठ महिन्यांनी निघाला. न्यायाधीश साहेबांनी एकमेकांवरील आरोपांत या टप्प्यावर न शिरता, दोन्ही प्रतिज्ञापत्रे समोर ठेवून मला नऊ हजार आणि मुलीला सहा हजार रुपये दरमहा, अर्ज दाखल केल्याच्या दिवसापासून, मंजूर केले. अर्जाच्या दिवसापासून पोटगी देण्याचा हा दंडकही रजनेश प्रकरणानंतर पक्का झाला आहे, आणि त्यामुळे आदेशाच्या दिवशीच एक लाख वीस हजार रुपये थकबाकी निघाली. ती सहजासहजी मिळाली नाही. वसुलीचा अर्ज करावा लागला, आणि पैसे न भरल्यास एका महिन्यापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे हे समोरच्या बाजूला न्यायालयातच ऐकवले गेल्यावर तीन हप्त्यांत रक्कम जमा झाली.

‘नांदायला आल्यास सांभाळतो’ या वाक्याचे उत्तरही तेव्हाच मिळाले, आणि पतींच्या दुसऱ्या घराचा माझ्या प्रकरणाला पहिला उपयोग तिथे झाला. पती सांभाळायला तयार असताना पत्नी विनाकारण वेगळी राहत असेल तर तिची पोटगी नाकारता येते. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की पतीने दुसरे लग्न केले असेल किंवा दुसरी बाई ठेवली असेल, तर पत्नीचे वेगळे राहणे न्याय्य मानावे. मी घर का सोडले, याचे उत्तर देण्यासाठी मला त्या बँक उताऱ्याची गरज होती. तो मी माहेरी येताना सोबत आणला होता.

यानंतरची दीड-दोन वर्षे पुराव्यात गेली, आणि मी इथे मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण पोटगीचा आकडा याच टप्प्यावर ठरतो. सुरुवातीला मी मॅडमकडे जे घेऊन जात असे ते सगळे नात्याविषयीचे होते: मोबाईलमधले संदेश, हॉटेलचे बिल, कुणीतरी पाठवलेला एक फोटो. मॅडम ते शांतपणे बघत आणि बाजूला ठेवत. एकदा त्यांनी विचारले, “ताई, दहा वर्षे तुम्ही हिशेब लिहिलात, मग हिशेबाचे कागद कुठे आहेत?” मी त्या रात्री झोपले नाही. कारखान्याच्या वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक मला पाठ होता, कारण दहा वर्षे ते बिल मीच भरत आले होते. वीज कंपनीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तेव्हा मागच्या महिन्यांची बिले समोर आली. बारापैकी सात माग बंद असल्याचे शपथेवर सांगितलेल्या महिन्यांत वीज वापराचे युनिट जवळजवळ तेवढेच होते, जेवढे २०२१ मध्ये बाराही माग दोन पाळ्यांत चालत असताना माझ्या वहीत नोंदलेले होते. माग बंद असला तर तो वीज खात नाही. हे सोलापुरात कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

आम्ही बिलांच्या प्रती काढल्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडले, आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे हजर करण्याचा आदेश पतींना द्यावा म्हणून वेगळा अर्ज केला. त्या विवरणपत्रांतली उलाढाल आयकर विवरणपत्रातल्या उत्पन्नाशी कोणत्याही अंगाने मेळ खात नव्हती. सुताची खरेदी कमी झालेली नव्हती, कामगारांचा पगार कमी झालेला नव्हता, फक्त नफा नाहीसा झाला होता.

आणि मग ते अकरा हजार. विजापूर रोडवरच्या त्या घराच्या मालकांना साक्षीसमन्स काढले. ते वयस्कर गृहस्थ आले, नोंदणीकृत भाडेकरार सोबत घेऊन आले, आणि त्यांनी करारावरची माझ्या पतींची सही ओळखली. करारातील एक ओळ मॅडमनी त्यांना मोठ्याने वाचायला लावली: जागेचा वापर केवळ कुटुंबासह निवासासाठी केला जाईल. कोणते कुटुंब, असे विचारल्यावर मालकांनी खाली बघत सांगितले की हे आणि त्यांची बायको, असे आम्हाला सांगण्यात आले होते. मी समोरच बसले होते. माझ्या पतींनी त्या वेळी घड्याळाकडे पाहिले, एवढे मला स्पष्ट आठवते.

निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला. नक्कल हातात आल्यावर मी ती न्यायालयाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली उभी राहून वाचली. मुद्दा क्रमांक १, प्रतिवादीचा व्यभिचार सिद्ध झाला काय: होय. मुद्दा क्रमांक २, क्रूरता: होय. मुद्दा क्रमांक ३, अर्जदार व्यभिचारी जीवन जगत असल्याचे प्रतिवादीने सिद्ध केले काय: नाही, एका रात्री सहकाऱ्याच्या वाहनावरून घरी येणे म्हणजे व्यभिचार नव्हे, असे दोन वाक्यांत लिहिले होते. त्या दोन वाक्यांसाठी मी अडीच वर्षे वाट पाहिली होती. मग मी पोटगीच्या मुद्द्याकडे वळले. व्यभिचार सिद्ध झाला आहे, सबब रक्कम वाढवण्यात येत आहे, असे वाक्य मी शोधत होते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. ते नव्हते. वर्तनाचा उल्लेख एका ओळीत होऊन गेला होता. त्याऐवजी दीड पान उत्पन्नावर होते: विजेचे युनिट, करविवरणपत्रे, आणि त्यानंतर हे, की जी व्यक्ती दुसऱ्या निवासाचे अकरा हजार रुपये भाडे दरमहा कारखान्याच्या खात्यातून सलगपणे भरू शकते, तिचे एकूण उत्पन्न वीस हजार असल्याचे कथन स्वीकारता येत नाही. न्यायालयाने पतींचे उत्पन्न महिना सत्तर हजार गृहीत धरले, माझे साडेदहा हजार विचारात घेतले, आणि मला चौदा हजार व मुलीला नऊ हजार रुपये दरमहा मंजूर केले. लग्नातले दागिने, जे सासरी राहिले होते, ते परत करण्याचाही आदेश झाला. आधीची अंतरिम रक्कम यात मिळवून घेण्यात आली, म्हणजे दोन्ही आदेशांची पोटगी वेगवेगळी मिळत नाही.

म्हणजे त्यांच्या बाहेरच्या संबंधांनी माझी पोटगी वाढवली का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की विश्वासघाताबद्दल एक रुपयाही वाढला नाही, पण त्या संबंधांवर झालेल्या खर्चाने त्यांची लपवलेली ऐपत उघडी पाडली. ज्या बाईकडे असा उतारा नसेल, जिच्या नवऱ्याने सगळे रोखीने केले असेल, तिचे दुःख माझ्याइतकेच असूनही तिच्या हाती कमी पैसे पडतील. हे मला बरोबर वाटत नाही, आणि वर्तनाचा विचार कलम २५ मध्ये लिहिलेला असताना तो एका ओळीत संपू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण म्हणूनच, जिला या वाटेने जावे लागणार आहे तिने मोबाईलमधल्या फोटोंइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पासबुक, बिले, करार आणि पावत्या जपाव्यात.

निकालाच्या शेवटच्या पानाविषयी मॅडमनी मला वेगळे बसवून सांगितले. कलम २५ च्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे मी पुनर्विवाह केला, किंवा शीलवान राहिले नाही असे न्यायालयाला दाखवले गेले, तर माझी पोटगी बदलता, कमी करता किंवा रद्द करता येते. त्या पोटकलमात, ज्या पतीला पोटगी मिळते त्याच्यासाठीही तशीच अट आहे, पण पोटगी देणाऱ्यासाठी काही नाही. मुलीच्या नऊ हजारांना यातले काहीच लागू नाही. मी ते पोटकलम दोनदा वाचून घेतले आणि नक्कल फाइलमध्ये लावली. गेल्या हंगामापासून रात्री उशीर झाला की मी रिक्षानेच येते, भाडे कितीही पडले तरी.

पतींनी उच्च न्यायालयात अपील केले आहे. पूर्वी त्यासाठी मुंबईला जावे लागले असते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अखत्यारीत आला, त्यामुळे आमचे अपील आता तिथे चालेल. स्थगितीसाठी त्यांनी अर्ज केला आहे, त्यावर अजून आदेश झालेला नाही, आणि दर महिन्याचे तेवीस हजार तोवर जमा होत आहेत. वीजबिलांची फाइल मी पुन्हा तारखेप्रमाणे लावून ठेवली आहे, भाडेकराराची प्रत सर्वांत वर आहे, आणि कोल्हापूरच्या वकिलांना ती घेऊन भेटायला मला पुढच्या आठवड्यात एसटीने जायचे आहे.